शाळेची कपात कुणाच्या पदरात?



या सदरातून एरवी आपण बी-बियाणे, खते, औषधे, पाण्याच्या पाळ्या, गुराढोरांचे आजार यांविषयी बोलतो. आज मात्र गावच्या शाळेविषयी आणि शाळेसाठी सरकार जो पैसा ठेवते त्याविषयी बोलायचे आहे. शेतीखात्याच्या माणसाने शाळेत कशाला डोकवावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आधी देतो आणि मग पुढे जातो.

तीस वर्षे मी शेतकऱ्यांच्या बांधावर जातो आहे. शेतीतली कोणतीही नवी गोष्ट घ्या, ती अखेर दोन गोष्टींवर येऊन ठेपते. एक, वाचता येणे. दुसरी, हिशेब करता येणे. औषधाच्या डब्यावर ‘एक लिटर पाण्यास २ मिलि’ असे लिहिलेले असते. आपला पाठीवरचा पंप १५ लिटरचा. म्हणजे एका पंपाला ३० मिलि. हा गुणाकार ज्याला येत नाही तो झाकणाने अंदाजे ओततो, नाहीतर दुकानदार सांगेल तसे करतो. डब्यावरच्या त्रिकोणाचा लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल विष, हिरवा म्हणजे सर्वांत सौम्य, हेही वाचून कळायचे असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीने विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. त्या दुर्घटनेला कारणे पुष्कळ होती. पण डब्यावरची सूचना वाचता येणे हा जिवाचा प्रश्न आहे, एवढे तरी तिने शिकवले.

जमीन आरोग्य पत्रिकेवर सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश यांचे आकडे असतात. पीकविम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचे संरक्षण असेल तर तिने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. बँकेच्या कागदावर व्याजाचा दर असतो. या सगळ्याला जे लागते ते गावच्या शाळेत शिकायचे असते. चौथीचा गुणाकार, पाचवीचा अपूर्णांक, सहावी-सातवीची टक्केवारी. तिथे शिक्षक नसेल तर माझ्यासारख्याने बांधावर येऊन कितीही घसा कोरडा केला तरी उपयोग व्हायचा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून शाळेच्या पैशाचा विषय हा शेतीचाच विषय आहे.

दवंडी न पिटता येणारी कपात

‘या वर्षी आम्ही शाळेचे पैसे कापले’ अशी दवंडी कोणतेही सरकार पिटत नाही. मग ते कोणत्याही पक्षाचे असो. अंदाजपत्रकात आकडा वाढलेलाच दिसतो. तरीही गावात शाळा दरवर्षी थोडी थोडी वाळत जाते. हे कसे होते ते नीट समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट महागाईची. समजा, गेल्या साली शाळेला १०० रुपये मिळाले आणि यंदा १०४ मिळाले. कागदावर ४ रुपयांची वाढ झाली. पण त्याच वर्षात खडू, कागद, वीज, किराणा, गवंड्याची मजुरी सगळे मिळून ६ टक्क्यांनी महागले असेल, तर गेल्या वर्षी जे १०० रुपयांत होत होते त्याला यंदा १०६ लागतात. हाती आले १०४. म्हणजे वाढ म्हणून जे सांगितले ती मुळात घट आहे. खताच्या पिशवीच्या बाबतीत हा हिशेब आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. अंदाजपत्रकालाही तोच लावायचा.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागांची. शाळांच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा शिक्षकांच्या पगाराचा असतो. त्यामुळे बचत करायची म्हटली की हात तिकडेच जातो. असलेल्या शिक्षकाला काढता येत नाही, पण निवृत्त झालेल्याची जागा न भरणे सोपे असते. आपल्या राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाला पहिली ३ वर्षे पगाराऐवजी ठोक मानधन. प्राथमिक शाळेच्या शिक्षणसेवकाला कित्येक वर्षे महिन्याला ६,००० रुपये मिळत. दिवसाचे झाले २०० रुपये. त्या काळात बागेत छाटणीला येणारा मजूरही याहून जास्त घेई. २०२३ साली हे मानधन १६,००० रुपये झाले. मधल्या काळात, २०१० नंतर, जिल्हा परिषदांची मोठी शिक्षकभरती जवळजवळ थांबली होती. ‘पवित्र’ नावाची संगणकावरची भरतीची व्यवस्था २०१७ साली आली, आणि तिच्यातून निवडीची यादी लागायला २०१९ उजाडले. इतकी वर्षे माणसे निवृत्त होत राहिली आणि शाळा चालतच राहिल्या. कशा चालल्या असतील याचा विचार करा.

कायदा मात्र स्पष्ट आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक हवेत, ६१ ते ९० पर्यंत ३ हवेत, असे त्यात लिहिले आहे. मंजूर जागांपैकी १० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवू नयेत, असेही त्यात आहे. जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणूक ही कामे सोडली तर शिक्षकाला शिकवण्याखेरीज दुसऱ्या कामाला जुंपू नये, असेही आहे. आता आपल्या गावच्या शाळेकडे बघा. एकच गुरुजी चार वर्ग सांभाळत असतील, खिचडीच्या तांदळाची नोंद तेच करत असतील, मोबाईलवर माहिती तेच भरत असतील. अशा शाळेचे गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले की त्या दिवशी शिकवणे बंद. यात गुरुजींचा दोष नाही. एका बैलाने दोन बैलांची औत ओढायची म्हटली तर तास सरळ कसे पडणार?

तिसरी गोष्ट अनुदानाची. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाकाठी एक संयुक्त अनुदान ठरलेले आहे. २०२१ नंतरच्या आराखड्याप्रमाणे ३० पर्यंत मुलांच्या शाळेला १०,००० रुपये, ३१ ते १०० मुलांना २५,०००, १०१ ते २५० मुलांना ५०,००० आणि २५१ ते १,००० मुलांना ७५,००० अशी त्याची प्रतवारी आहे. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. लहान शाळेच्या १०,००० रुपयांना १२ महिन्यांनी भागले तर महिन्याला ८३३ रुपये येतात. त्यात विजेचे बिल, खडू, झाडू, नळाची दुरुस्ती, फुटलेली कौले आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार. हा पैसाही हप्त्याहप्त्याने येतो आणि पुष्कळदा वर्ष सरता सरता येतो. पेरणीचे खत काढणीला मिळावे, तशातली ही गत.

सहा टक्क्यांची गोष्ट

देशाने शिक्षणावर किती खर्च करावा, याचा एक आकडा फार जुना आहे. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला होता. देशाच्या उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्याची शिफारस होती. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती मानली. १९८६ च्या धोरणातही ती आली. २०२० च्या धोरणात पुन्हा तेच ६ टक्के लिहिले गेले. त्याच धोरणात प्रत्यक्षाचा आकडाही दिला आहे. २०१७-१८ च्या अंदाजपत्रकांवरून केंद्र आणि राज्ये मिळून होणारा शिक्षणाचा खर्च ४.४३ टक्के होता.

म्हणजे १०० पोत्यांच्या राशीतून ६ पोती शिक्षणाला द्यायची कबुली, आणि दिली साडेचारही नाहीत. कबुली पहिल्यांदा दिली तेव्हा जी मुले पहिलीत होती ती आज आजोबा-आजी झाली आहेत.

पैसा कुणाचा?

इथे काही मंडळी म्हणतात, “शेतकरी कुठे प्राप्तिकर भरतो? फुकट मिळते त्यात एवढे मागायचे कशाला?” हा विचार मनातून काढून टाका. आपण डिझेल घेतो, औषधे घेतो, पाइप घेतो, साबण घेतो, मोबाईलमध्ये पैसे भरतो. प्रत्येकावर कर आहे आणि तो आपण देतो. राज्याचा शिक्षण उपकराचा कायदा १९६२ सालचा आहे. त्यात व्यापारी पिकांखालच्या जमिनीवरच्या आकारणीचीही तरतूद केलेली आहे. तेव्हा शाळा ही कुणाची मेहेरबानी नव्हे.

ही गोष्ट महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. शिक्षणाच्या नावाने सरकार उपकर गोळा करते, पण तो त्या कामाला लावत नाही, असे त्यांनी आयोगाला लेखी कळवले. मुंबई इलाख्यातल्या जवळजवळ नऊ-दशांश गावांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही असे म्हटले जाते, हेही त्यांनी त्यात नोंदवले. कष्टकरी रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते आणि रयतेच्या पोरांना प्राथमिक शाळाही नाही, ही त्यांची तक्रार होती. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. शाळेचा खर्च राज्याने करायचा आणि मूल पाठवण्याची जबाबदारी पालकाने घ्यायची, अशी ती वाटणी होती. आजही ती तितकीच योग्य आहे.

वाचलेला पैसा जातो कुठे?

आता मूळ मुद्द्यावर येतो. सरकारने शाळेवरचा खर्च कमी केला म्हणजे तो खर्च नाहीसा होतो का? मुळीच नाही. मुलाला शिकवायला जे लागते ते लागतेच. फक्त तो खर्च सरकारच्या वहीतून निघतो आणि आपल्या घरच्या वहीत येऊन बसतो.

एक हिशेब मांडून बघू. हा नमुन्याचा हिशेब आहे, आपापल्या घरचे आकडे घालून तो पुन्हा करा. गावच्या शाळेत गुरुजी एकच, म्हणून दोन मुलांना दहा-बारा किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत घातले. फी प्रत्येकी १२,००० रुपये. गाडीचे महिन्याला ६०० प्रमाणे १० महिन्यांचे ६,०००. गणवेश, वह्या-पुस्तके, बूट मिळून ३,०००. एका मुलाचे झाले २१,००० आणि दोघांचे ४२,०००. सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,५०० धरला, तर ४२,००० रुपयांना नऊ क्विंटलांच्या वर सोयाबीन घालावे लागते. कोरडवाहूत एकरी सहा-सात क्विंटल धरले तर हे जवळपास दीड एकराचे सगळे पीक झाले. त्यातून बियाणे, खत, काढणी, मळणी अजून वजा करायचीच आहे. तीन एकरवाल्याने निम्मे रान शाळेच्या नावाने पेरले, असाच याचा अर्थ.

आणि एवढे करून मूल शिकतेच अशी खात्री कुठे आहे? पुष्कळ ठिकाणी पाटी इंग्रजीची असते आणि शिकवणारा तुटपुंज्या पगारावरचा असतो. मुलाला धड मराठी वाचता येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. बाहेरची गाडी दारात येते म्हणून शाळा चांगली, असे समजू नका. मुलाला जवळ बसवा आणि या अंकातला एक परिच्छेद वाचायला सांगा. ३० मिलिचा हिशेब घाला. परीक्षा तीच.

ज्यांची ऐपत आहे ते मुले बाहेर नेतात. त्यामुळे गावच्या शाळेचा पट घटतो. पट घटला की शिक्षक घटतो आणि अनुदानाची पायरीही खाली येते. शिक्षक घटला की उरलेल्यांतले आणखी चार जण मुले काढतात. शेवटी कागदावर लिहिले जाते, ‘पटसंख्या अपुरी’. विहिरीतला गाळ काढायचा नाही आणि पाणी आटले म्हणून विहीर बुजवायची, असा हा प्रकार होतो.

लहान शाळा आणि लांबची वाट

डिसेंबर २०१७ मध्ये १० किंवा त्याहून कमी मुले असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुले शेजारच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय राज्यात झाला. २०२३ साली समूह शाळांची कल्पना पुढे आली. २० पेक्षा कमी मुले असलेल्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायची. त्या वेळी अशा लहान शाळांची संख्या १४ हजारांच्या वर आणि त्यांतल्या मुलांची संख्या १ लाख ८५ हजारांच्या आसपास सांगितली गेली. कोकणातल्या वाड्या, सातपुड्यातले पाडे, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची गावे आणि गडचिरोलीतल्या जंगलातल्या वस्त्या यांचा हा प्रश्न आहे. तिथे घरेच विखुरलेली असतात, मग शाळा मोठी होणार कशी?

दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. अधिकारी म्हणतात, सात मुलांच्या शाळेत मुलाला बरोबरीचे सवंगडी मिळत नाहीत, खेळ होत नाहीत, एकाच शिक्षकाकडून सगळे विषय नीट होत नाहीत. यात तथ्य आहे. रस्ता चांगला असेल, शाळा खरोखर जवळ असेल, गाडी रोज वेळेवर येत असेल, तर मोठ्या शाळेत मुलाचे भले होऊ शकते. पण ही ‘असेल’ची यादी आधी पुरी व्हायला हवी. आधी शाळा बंद आणि मग गाडी बघू, हे चालणार नाही. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत, हे अंतर नियमांनी उगीच ठरवलेले नाही. ते लहान मुलाच्या पायांकडे बघून ठरवलेले आहे.

मायबहिणींनो, आता खास तुमच्याशी बोलतो. शाळा लांब गेली की घरात पहिला विचार कुणाचा होतो? मुलगा सायकलवर जाईल, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर जाईल. मुलीच्या बाबतीत मात्र वाटेत ओढा आहे, रान आहे, संध्याकाळी अंधार पडतो, अशी बोलणी सुरू होतात. ती खोटी असतात असे मी म्हणत नाही. आईचा जीव आहे, तो घाबरणारच. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की मुलगी चार दिवस घरी राहते. मग कापूस वेचणीला आठ दिवस घरी राहते. धाकट्याला सांभाळायला आणखी राहते. पुढच्या जूनमध्ये तिचे नाव पटावर असते, पण ती शाळेत नसते. आणि मग पंधरा-सोळाव्या वर्षी स्थळ बघायला सुरुवात होते. सरकारने शाळेत जे थोडे पैसे वाचवले त्याची किंमत त्या पोरीने आपल्या आयुष्यातून चुकती केलेली असते. तिचे नाव कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही.

ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, तो अहिल्याबाई होळकर योजनेतून. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींसाठी धावतात. आपल्या वाटेवर ही गाडी येते का, शाळेच्या वेळेला येते का, हे विचारण्याचा अधिकार तुमचा आहे. येत नसेल तर आगार व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

लोकवर्गणी किती आणि कशासाठी?

हल्ली शाळेला काही हवे असले की ‘लोकसहभागातून करा’ असे सांगितले जाते. देणगीदारांनी किंवा कंपन्यांनी शाळा दत्तक घ्याव्यात अशीही योजना २०२३ साली राज्यात आली. आपल्याला हातभार लावायचे वावडे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा तिच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी घराघरांतल्या बायकांनी मूठ-मूठ धान्य बाजूला काढले. शाळेची भिंत रंगवणे, झाडे लावणे, कुंपण घालणे, पाण्याची टाकी देणे हे गावाने अवश्य करावे. गाव करी ते राव काय करी!

पण एक रेघ आखून ठेवा. शिक्षकाचा पगार, वर्गखोल्या, पाठ्यपुस्तके आणि दुपारचे जेवण हे सरकारचे काम आहे. ते वर्गणीतून भागवायची सवय लागली तर सुकाळात शाळा चालेल आणि दुष्काळात बंद पडेल. श्रीमंत गावची शाळा सुधारेल आणि गरीब वस्तीची मागे राहील. ज्या वर्षी पीक बुडते त्याच वर्षी मुलांना शाळेची आणि शाळेतल्या जेवणाची सर्वांत जास्त गरज असते.

आपण काय करायचे?

नुसते हळहळून काही होत नाही. पिकावर कीड दिसली की आपण आधी पान उलटून बघतो, मग उपाय करतो. इथेही आधी माहिती घ्या. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बऱ्याच गावांत ही समिती सह्यांपुरती उरली आहे. तिच्या पुढच्या सभेला जा आणि शांतपणे हे विचारा:

१. आपल्या शाळेत मंजूर शिक्षक किती, हजर किती, आणि रिकामी जागा कोणत्या महिन्यापासून रिकामी आहे?

२. या वर्षीचे संयुक्त अनुदान किती ठरले, त्यातले किती आले, कोणत्या तारखेला आले आणि कशावर खर्च झाले? खर्चाची वही पालकांना दाखवा.

३. शाळा विकास आराखडा तयार आहे का? कायद्याप्रमाणे समितीने ३ वर्षांचा आराखडा करायचा असतो. पुढे मुले किती येतील, शिक्षक किती लागतील, खोल्या आणि पैसे किती लागतील, हे त्यात लिहायचे असते. आर्थिक वर्ष संपायच्या आत तो वर जायला हवा. ज्या शाळेने मागितलेच नाही तिला मिळेल कसे?

४. पटावर मुली किती आणि रोज हजर किती? सातवीनंतर कोणती मुलगी शाळेत दिसेनाशी झाली?

५. शाळा हलवण्याचा किंवा जोडण्याचा काही कागद आला आहे का? आला असेल तर नव्या शाळेचे अंतर वाडीतल्या शेवटच्या घरापासून मोजा, रस्त्याच्या पाटीपासून नको.

उत्तरे मिळाली की ती ग्रामसभेत मांडा. ठराव करा, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेला पाठवा, आणि पोच जपून ठेवा. ठराव जानेवारीच्या ग्रामसभेतच व्हावा, कारण राज्याचे अंदाजपत्रक मार्चच्या सुमारास येते. माहिती दिली जात नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर मागता येते. भांडण नको, आवाज चढवायला नको. गुरुजींना आरोपी करू नका. बहुतेक वेळा त्यांनाही हेच हवे असते, पण नोकरीमुळे बोलता येत नाही. गाव पाठीशी उभे राहिले तर त्यांचे बळ वाढते.

आमदार-खासदार मते मागायला येतात तेव्हा आपण रस्ता मागतो, वीज मागतो, पाणी मागतो. ते मागितलेच पाहिजे. यापुढे त्या यादीत ‘आमच्या शाळेचा दुसरा शिक्षक’ हेही घाला. ज्या गोष्टीची मागणी होत नाही तिच्यावरच पहिली कुऱ्हाड पडते, हा सरकारी कारभाराचा जुना नियम आहे. मी त्याच कारभारात आयुष्य काढले आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

आपले वाडवडील दुष्काळात अर्धपोटी राहिले, पण बियाण्याच्या कणगीला त्यांनी हात लावला नाही. पुढचा हंगाम त्यात आहे हे त्यांना ठाऊक होते. आपल्या घराने जे पाळले तेच आपल्या सरकारनेही पाळावे, एवढे मागायला कुणाची भीती बाळगू नका.

पुढील अंकी हुमणीच्या बंदोबस्ताविषयी लिहीन. पहिला वळवाचा पाऊस झाल्यावर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर भुंगेरे जमू लागतात, तेव्हाच काय करायचे ते त्यात सांगेन. तोवर शाळेच्या सभेला एकदा जाऊन या, आणि तिथे काय कळले ते मला जरूर कळवा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी